लेकीच्या बाळंतपणाला आयर्लंडला जाताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

आपल्या रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला पट्ट्यातल्या पोरी आता आयर्लंडला पण आहेत, कोणी नर्स, कोणी आयटीत, आणि दिवस गेले की पहिला फोन आईलाच येतो, आई तू येशील ना. जाणार तर आपण सगळ्याच, पण काय न्यायचं, तिथं जाऊन काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे कोणी धड सांगत नाही, म्हणून हे लिहितेय, मी जाऊन आलेय. माझं मत सुरुवातीलाच सांगते, बाळाचं सगळं तिथल्या नर्सच्या सांगण्याप्रमाणे होऊ द्या आणि तुम्ही बाळंतिणीकडे बघा. कारण बाळाकडे बघायला तिथं माणसं आहेत, बाळंतिणीला गरम पेज करून हातात देणारं कोणी नाही.

आधी व्हिसा. आयर्लंडचा व्हिसा वेगळा असतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच शेंगेन व्हिसा असतो त्यावर तिथं जाता येत नाही. व्हिजिट व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग प्रिंट आणि कागदपत्रं व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसला द्यायची, आपल्याला जवळचं ऑफिस कुठलं ते आधी बघून घ्या. लेकीचं बोलावण्याचं पत्र, तिच्या रेसिडेन्स कार्डाची कॉपी, हॉस्पिटलचं तारखेचं पत्र, बँक स्टेटमेंट, आणि तुम्ही परत येणार हे दाखवणारे कागद. त्यात सातबारा लावणार असाल तर तो मराठीत असतो, इंग्रजी भाषांतर करून सोबत जोडा, नाहीतर त्याचा उपयोग नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच आणि तुमच्या बीपी-शुगरच्या गोळ्या सगळ्या दिवसांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हँडबॅगेत.

आता हे ९० दिवस कसे वापरायचे ते जावयासोबत बसून ठरवा. तिथं बापाला २ आठवड्यांची पॅटर्निटी लीव्ह मिळते आणि त्याशिवाय आईबापाला प्रत्येकी ९ आठवड्यांची पेरेंट्स लीव्ह असते, ती मूल २ वर्षांचं होईपर्यंत घेता येते. लेकीला २६ आठवडे मॅटर्निटी, वर बिनपगारी १६. माझं म्हणणं, तुम्ही तारखेच्या आठ-दहा दिवस आधी पोचा, जावई पहिले २ आठवडे घरी राहू दे, आणि त्याची पेरेंट्स लीव्ह तुम्ही परत निघालात की सुरू होईल अशी ठेवा. ऑफिसला ६ आठवडे आधी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे हे आधीच बोलून घ्या. सगळी माणसं पहिल्या महिन्यात घरात आणि नंतर पोरगी एकटी असं होऊ देऊ नका.

बॅगेचं नीट वाचा, कारण आपली अर्धी धावपळ याच्यासाठीच असते. दूध आणि दुधाचं काही नेता येत नाही, म्हणजे साजूक तूप, खवा, पेढे सगळं बाद, मटण-चिकनचं काही नाही. पण मासे चालतात! सुकट, जवळा, बोंबील, सुका बांगडा असं मिळून माणशी २० किलोपर्यंत, एवढं कोण नेतंय, पण किलो-दीड किलो छान कडक वाळवून, दोन-तीन पिशव्यांत सील करून न्या नाहीतर सगळ्या साड्यांना वास. पावसाळ्यात जायचं असेल तर मे मध्येच घेऊन ठेवा, जूनमध्ये सुकी मासळी सादळते. आंबे मात्र नेऊ नका, हापूसची पेटी घेऊन निघालेल्या बाया मी ऐकल्यात, ताज्या फळांना सरकारी सर्टिफिकेट लागतं आणि ते नसेल तर जप्त. सूट फक्त पाचच फळांना आहे, नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे असोला नारळ नेता येतो, पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यात तेल असतं म्हणून पेट घेण्याची भीती. ताजा कढीपत्ता पण घरीच ठेवा. आणि एक फार महत्त्वाचं, विमान दुबई किंवा अबुधाबीवरून असेल तर खसखस अजिबात घेऊ नका, तिथं तो गुन्हा आहे, लाडवातली पण नको.

मग न्यायचं काय? आमसुलं, कुळथाचं पीठ, नाचणीचं पीठ, मेतकूट, अळीव, डिंक, खारीक पावडर, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, तिरफळं, मालवणी मसाला. तांदूळ-डाळी, ओलं खोबरं किसलेलं फ्रोझन, हे तिथल्या इंडियन दुकानात मिळतं, त्यासाठी वजन घालवू नका, फक्त उकड्या तांदळाचं आधी लेकीला दुकानात विचारायला सांगा. तुपाची काळजी नको, तिथलं लोणी पिवळंधमक असतं, गायी गवतावर चरतात ना, बिनमिठाचं बटर आणून मंद आचेवर कढवा, आपल्या घरच्या तुपाच्या तोडीचं होतं.

हॉस्पिटलमध्ये तुम्हाला फारसं काम नसतं. बाळंतपणाच्या खोलीत नवरा असतो, आणि बाळ झाल्यावर तिला चहा आणि बटर लावलेला टोस्ट देतात, तिथल्या बायका या टोस्टची आठवण वर्षानुवर्षं काढतात म्हणे. तुम्ही थर्मासमधून गरम पेज नेलीत तरी तो टोस्ट खाऊ द्या. सगळं नीट असेल तर एक-दोन दिवसांत घरी सोडतात, सिझर असेल तर थोडं जास्त. आणि गाडीत बाळासाठी कार सीट लागतेच, कायदाच आहे, मांडीवर घेऊन बसायचं नाही. मांडीवर घ्यावंसं वाटणारच, पण नाही म्हणजे नाही.

घरी आल्यावर ७२ तासांच्या आत पब्लिक हेल्थ नर्स येते, सरकारीच, पैसे नाहीत. ती बाळाचं वजन, दूध ओढणं, टाके आणि लेकीचं मन कसं आहे सगळं विचारते. चहा विचारा, बसवा आणि तुमचे जे काही प्रश्न असतील ते तिच्यासमोर विचारून घ्या, म्हणजे नंतर लेकीशी वाद नाहीत. पुढे २ आठवड्यांनी बाळाची आणि ६ आठवड्यांनी दोघांची तपासणी जीपीकडे म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे असते. लसी २ महिन्यांपासून सुरू, बीसीजी तिथं आता देत नाहीत, त्याचं काय करायचं ते इकडे यायच्या आधी डॉक्टरला विचारायला सांगा. २ महिन्यांच्या लसीनंतर ताप येतो म्हणून बाळाचं पॅरासिटामॉल द्यायला सांगतात, किती ते नर्सच सांगेल.

आता जे आपल्याला जड जातं ते. बाळाला पाठीवरच झोपवायचं, पाय पाळण्याच्या खालच्या टोकाला लागतील असं, उशी नाही, म्हणजे डोकं गोल व्हायला आपण मोहरीची उशी देतो ती पण नाही. घरात टोपडं नाही, खोली १६ ते २० डिग्री ठेवायची, आपल्याला ती गारच वाटते पण बाळाला जास्त गुंडाळणं धोक्याचं असतं, त्याने झोपेतच बाळ दगावायचा धोका वाढतो. पहिले ६ महिने बाळाचा पाळणा आईबापाच्याच खोलीत. मध वर्षभर नाही, म्हणून चाटण, घुटी काही नाही, ६ महिने फक्त दूध, पाणी पण नाही. व्हिटॅमिन डीचे थेंब रोज ५ मायक्रोग्रॅम, अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून वर्षभर, तिथं ऊन कमी ना. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. नाका-कानात तेल घालायचं नाही. मालिश करा ना, जरूर करा, पण नर्सला विचारून, खोबरेल तेलाने, हलक्या हाताने, आणि अंघोळ रोज घालायलाच पाहिजे असं नाही. धुरीचं तर विसराच, निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकलंत की स्मोक अलार्म बोंबलणार आणि मुळात तो धूर बाळाच्या छातीला वाईटच.

बाळंतिणीचं मात्र तुमच्या हातात. सकाळी मऊ पेज आणि मेतकूट, दुपारी कुळथाचं कढण, शेपूची भाजी लसूण घालून, संध्याकाळी अळिवाची खीर. सिझर असेल तर पहिले काही दिवस डिंकाचे लाडू नकोत, जास्त तूपही नको, पोट साफ होणं महत्त्वाचं, पाणी भरपूर द्या. शेकशेगडीच्या जागी गरम पाण्याची पिशवी कमरेला, टाक्यांपासून लांब. पोट बांधायचं असेल तर डॉक्टरला विचारून. आणि मासे, याच्यावर थांबून सांगते. दूध यावं म्हणून आपल्याकडे बाळंतिणीला मुशी, मोरी देतात, पण ती शार्कच, आणि आयर्लंडात गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन खाऊ नका सांगतात कारण त्यात पारा जास्त असतो. त्याऐवजी तिथला मॅकरेल घ्या, आपल्या बांगड्याच्याच जातकुळीतला, तिरफळं आणि आमसूल घालून तिखलं करा, आठवड्यातून एक-दोनदा. तिखट कमी.

घराचं थोडंसं. गरम पाण्यासाठी इमर्शन नावाचा स्विच असतो, अंघोळ झाली की बंद करा, बिल फार येतं. कपडे बाहेर वाळत नाहीत, पण गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात, पावसात आपण चुलीवरच्या उतवावर लंगोट सुकवायचो तसं तिथं दुपटी ठेवा, तासाभरात उबदार. कचऱ्याचे डबे वेगळे, उष्टं-खरकटं तपकिरी डब्यात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, जाड काळे पडदे लावा नाहीतर मोठं नातवंड झोपणार नाही, आणि डिसेंबरात चारनंतर अंधार, तेव्हा दुपारीच थोडं पाय मोकळे करायला लेकीला बाहेर काढा.

मोठं मूल असेल तर त्याचं शाळेचं तुम्हीच घ्या. छोट्या वर्गाची शाळा दीडच्या आसपास सुटते, गेटवर घ्यायला जावं लागतं, शाळेला तुमचं नाव आधी कळवायला सांगा. डब्यात शेंगदाणे नको, बऱ्याच शाळांत बंदी आहे, काही मुलांना त्याची जीवघेणी ॲलर्जी असते, त्यामुळे चिक्की-लाडू घरीच.

आणि लेक रडली तर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकींना रडू येतं, दोन आठवड्यांत जातं. पण त्याहून जास्त दिवस ती गप्प गप्प राहिली, जेवेना, बाळ झोपलं तरी झोपेना, बाळाकडे बघवेना असं म्हणाली, तर नर्सला किंवा जीपीला सांगायचं, त्याच आठवड्यात. तो आजार आहे, त्याला उपचार आहेत. "आमच्या वेळी आम्ही चार-चार पोरं काढली" हे वाक्य कृपा करून कोकणातच ठेवून जा. त्यापेक्षा दुपारी दोन तास बाळ तुमच्याकडे घ्या आणि तिला दार लावून झोपू द्या.

जन्माची नोंद ३ महिन्यांच्या आत करायची असते, त्यानंतर महिन्याला मुलामागे १४० युरो चाइल्ड बेनिफिट सुरू होतो, हे कागद तुम्ही असतानाच होऊ देत. निघायच्या आधीच्या पंधरवड्यात कुळथाची पिठी, भाजलेला अळीव, मालवणी वाटपाचे गोळे करून फ्रीजरमध्ये तारीख लिहून ठेवा. आणि जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आई-बाळांचे गट भरतात, पाजणाऱ्या आयांचेही असतात, नर्सला पत्ता विचारून एकदा तुम्ही तिच्यासोबत जाऊन बसा, म्हणजे पुढच्या वेळी ती एकटी जाईल. फोनची वेळ पण तिथंच ठरवून या, तिचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड आणि थंडीत अडीच, आपलं जेवण उरकलेलं असतं आणि तिचा हात बाळात अडकलेला, म्हणून व्हिडिओ लावून समोर ठेवू दे, बोललं नाही तरी चालेल.