शिक्षक पहिली कादंबरी लिहितात तेव्हा: या चुका टाळा

ज्या सवयींमुळे आपण वर्गात चांगलं शिकवतो, त्यातल्याच काही कादंबरीच्या मुळावर येतात. हे कळेपर्यंत माझे दोन खर्डे वाया गेले.

सगळ्यात मोठी चूक समजावून सांगण्याची. शेवटच्या बाकापर्यंत मुद्दा पोचला का, याची आपल्याला कायम काळजी. म्हणून आधी सांगायचं, मग उदाहरण द्यायचं, मग उजळणी. माझ्या खर्ड्यात एक प्रसंग होता. वडील गेल्यानंतर मुलगी घरी येते, त्यांचा चष्मा पुसते आणि होता तिथेच परत ठेवते. इथे थांबायला हवं होतं. मी पुढे लिहिलं, ‘वडील आता नाहीत हे तिच्या मनाने अजून स्वीकारलं नव्हतं.’ चष्मा पुसणारे हात पाहून वाचकाला जे आतून जाणवलं असतं, ते मी आधीच सांगून टाकलं. त्याच्यासाठी काही उरलंच नाही.

उपाय सोपा आहे, पण खोडायला हात धजत नाही. प्रत्येक प्रसंगाचं शेवटचं वाक्य बोटाने झाकून वाचा. त्याच्याशिवाय प्रसंग उभा राहत असेल तर ते काढा. ‘म्हणजेच’, ‘थोडक्यात’, ‘त्याला उमगलं की’ हे शब्द शोधा. त्यांच्या मागोमाग बहुधा स्पष्टीकरणच येत असतं.

दुसरी चूक संवादांत दिसते. ‘उत्तर पूर्ण वाक्यात लिहा’ असं मुलांना सांगून सांगून आपली पात्रंही पूर्ण वाक्यात बोलायला लागतात.

‘काल कुठे होतास?’

‘मी काल मित्राच्या घरी गेलो होतो, कारण त्याला बरं नव्हतं.’

परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. कादंबरीत मात्र हा माणूस मेलेला आहे. आता हे पाहा:

‘काल कुठे होतास?’

‘तू जेवलीस का?’

त्याने विषय बदलला आणि वाचक सावध झाला. माणसं प्रश्न टाळतात, अर्ध्यावर थांबतात, विचारलं एक तर सांगतात दुसरंच. संवाद दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या आणि आपण फक्त ऐका. स्वतः वाचू नका. आपला सरावलेला आवाज निर्जीव वाक्यातही जीव ओततो. पात्र चुकीचं व्याकरण बोलत असेल तर बोलू द्या. निवेदन शुद्ध ठेवा, बोलणं त्या माणसाचं.

पाठाला प्रस्तावना लागते, कादंबरीला ती लागेलच असं नाही. विल्यम गोल्डिंग इंग्लंडमधल्या सॅलिसबरीत शाळामास्तर होते. त्यांची पहिली कादंबरी, ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’, अनेक प्रकाशकांनी परत पाठवली होती. मूळ खर्डा अणुयुद्धाच्या वर्णनाने सुरू व्हायचा. फेबर प्रकाशनाचे संपादक चार्ल्स मॉन्टिथ यांनी तो भाग काढायला लावला, आणि १९५४ साली छापून आलेली कादंबरी थेट बेटावरच्या मुलांपासून सुरू झाली. तुमच्या खर्ड्यात पहिली घटना कितव्या पानावर घडते, ते बघा. पहिलं प्रकरण बाजूला ठेवून दुसऱ्यापासून एखाद्याला वाचायला द्या. त्याचं काही अडलं नाही, तर पहिल्यातली आवश्यक तेवढी माहिती पुढे चार ठिकाणी विखरून टाका.

लाल पेन पहिला खर्डा संपेपर्यंत बंद. मी पहिलं प्रकरण इतक्यांदा तपासलं की पाचव्यापर्यंत पोचायला वर्ष गेलं. चूक दिसली तर समासात खूण करा आणि पुढे चला.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. विद्यार्थ्यांनी विश्वासाने सांगितलेल्या घरच्या गोष्टी जशाच्या तशा वापरू नका. नाव बदलून भागत नाही. वर्गातली इतर मुलं ओळखतातच, आणि ते मूल तर पहिल्याच ओळीत स्वतःला ओळखतं. प्रसंगातली भावना ठेवा. वय, घर, नाती, घटना सगळं नव्याने रचा. असं केल्याने लेखनही सुधारतं. ‘पण हे खरंच घडलं होतं’ असं म्हणून कमकुवत प्रसंग तगत नाही.

आणि वेळ. मोठ्या सुट्टीत सलग लिहू, हा बेत क्वचितच पार पडतो, कारण सुट्टीचे पहिले कितीतरी दिवस तुटलेला धागा शोधण्यातच जातात. रोज ३०० शब्द, वर्षातले २०० दिवस, म्हणजे ६०,००० शब्द. एवढ्यात एक छोटी कादंबरी होते. रोज थांबताना प्रसंग अर्धवट सोडा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हे ठरलेलं असतं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले की त्या आठवड्यांत लिहिण्याचा हट्ट नको. झोपण्याआधी शेवटचं पान वाचायचं आणि वही मिटायची.