ब्राउनफील्ड तपासणीचं अनुदान: या चुका टाळा

बंद पडलेले कारखाने, जुने पेट्रोल पंप, ड्रायक्लीनिंगची दुकानं अशा प्रदूषणाची शंका असलेल्या जागांना ब्राउनफील्ड म्हणतात. त्या नव्याने वापरात आणण्याआधी तिथली माती आणि भूजल तपासावं लागतं. अमेरिकेत या तपासणीसाठी ईपीए ही केंद्रीय पर्यावरण संस्था 2002 च्या ब्राउनफील्ड कायद्यानुसार शहरं, काउंट्या आणि आदिवासी शासनांना अनुदान देते. 2018 च्या दुरुस्तीनंतर ना-नफा संस्थाही त्यात आल्या. काम चोख असूनही इथे खर्च नामंजूर होऊ शकतो, कारण कोणती गोष्ट कशाच्या आधी करायची हे पाळलेलं नसतं.

अनुदान मंजूर झालं, पण जागा पात्र आहे का?

या दोन वेगळ्या मंजुऱ्या आहेत. शहराला मिळालेला निधी एखाद्या जागेवर खर्च करायचा, तर त्या जागेची पात्रता आधी लेखी ठरून यायला हवी. प्रदूषण फक्त पेट्रोलियमचं असेल तर हा निर्णय साधारणपणे राज्याची यंत्रणा घेते, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी पाठवा. आणखी एक खाच आहे. शहराने पूर्वचौकशी न करता जागा विकत घेतली असेल, तर कायद्याच्या नजरेत शहरही प्रदूषणाला जबाबदार ठरू शकतं आणि त्या जागेवर हा पैसा वापरता येत नाही. जागा हातात कशी आली, कोणत्या तारखेला आली, हे खरेदीखत काढून बघा. कर थकल्यामुळे ताब्यात आलेल्या जागांना वेगळा नियम आहे.

फेज वनची तारीख

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. फेज वन म्हणजे खरेदीआधीची ती पूर्वचौकशी: कागदपत्रं, जुने नकाशे, मुलाखती आणि जागेची पाहणी. यात नमुने घेत नाहीत. एएसटीएम ई1527-21 या मानकाप्रमाणे केलेला अहवाल खरेदीच्या वेळी चालतो, पण त्यातले पाच भाग खरेदीआधीच्या 180 दिवसांतले असावे लागतात: मुलाखती, पर्यावरणविषयक बोज्यांचा शोध, सरकारी नोंदींची छाननी, प्रत्यक्ष पाहणी आणि तज्ज्ञाचं प्रतिज्ञापन. अनेक जण अहवालाच्या मुखपृष्ठावरची तारीख धरतात. मोजायचं असतं या पाचांपैकी सर्वांत आधी झालेल्या कामापासून. पहिली मुलाखत 10 जानेवारीला झाली असेल, तर लीप वर्ष नसताना 180 दिवस 9 जुलैला भरतात. अहवालावर मार्च छापलेला असला तरी. खरेदी लांबली तर पाचही भाग अद्ययावत करून घ्या. वर्ष उलटलं तर पूर्ण फेज वन नव्याने. जुनी माहिती त्यात वापरता येते.

नमुने घेण्याची घाई

फेज टूमध्ये, म्हणजे माती-पाण्याचे नमुने घेण्याच्या टप्प्यात, ड्रिलिंग मशीन जागेवर येण्याआधी गुणवत्ता-हमी आराखडा, म्हणजे क्यूएपीपी, मंजूर असायला हवा. मंजुरीआधी घेतलेल्या नमुन्यांचा खर्च अडकतो. त्या आराखड्यात प्रयोगशाळेची अहवाल-मर्यादा, म्हणजे ती कमीत कमी किती प्रमाण नोंदवते, हे स्वतः वाचा. ट्रायक्लोरोइथिलीन हे धातूचे भाग धुण्याचं जुनं द्रावक. पिण्याच्या पाण्यात त्याची केंद्रीय मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळा 10 च्या खालचं नोंदवतच नसेल, तर ‘आढळलं नाही’ या शेऱ्याला काहीही अर्थ नाही. नमुन्यांसाठीची विहीर पुन्हा उपसायची, पैसे पुन्हा मोजायचे.

बाष्पनशील रसायनांसाठी पाणी 40 मिलीच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरतात. झाकण लावून कुपी उलटी करा, बोटाने टिचकी मारा. वाटाण्याएवढा बुडबुडा वर आला तर तो नमुना बाद: रसायन त्या हवेत निसटतं आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. कुपी लगेच बर्फात ठेवा. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याचा कागद सह्यांसकट पूर्ण हवा.

जागा खासगी असेल तर मालकाची लेखी प्रवेश-परवानगी यंत्राची तारीख ठरवण्याआधी घ्या. बोअर किती, खड्डे कोण बुजवणार, निकाल कोणाला दाखवणार, हेही त्यातच लिहा. तोंडी होकारावर विसंबू नका, ऐनवेळी तो फिरतो.

सल्लागार आधीच ठरलेला

एखादी कंपनी अर्ज फुकट लिहून देते आणि पुढचं काम आपलंच असं गृहीत धरते. केंद्रीय खरेदीचे नियम खुली स्पर्धा मागतात. निविदेचा मसुदा ज्याने लिहिला, त्याला त्याच निविदेत उतरता येत नाही. स्पर्धेविना दिलेल्या कामाचं बिल शेवटी शहराच्या तिजोरीतून जातं.

तपासणीच्या पैशांतून सफाई

दूषित माती उपसून ट्रकने बाहेर नेणं ही सफाई, तिचं अनुदान वेगळं. या निधीतून सफाईच्या पर्यायांची तुलना आणि नियोजन मात्र करता येतं. प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा कर्मचाऱ्यांचे तास नोंदवताना कोणते तास प्रत्यक्ष कामाचे आणि कोणते प्रशासनाचे, हे पहिल्या महिन्यापासून वेगळं ठेवा. वर्षअखेरीला आठवून भरलेल्या टाइमशीट लेखापरीक्षणात टिकत नाहीत.