गुब्बियो खालून वर कसे पाहावे

इटलीच्या उंब्रिया प्रांतातले गुब्बियो हे इंजिनो डोंगराच्या उतारावर वसलेले लहानसे गाव आहे. ते समजून घ्यायचे असेल तर सपाटीपासून सुरुवात करून शिखराकडे चढत जावे, कारण त्याचा मोठा सणही त्याच दिशेने धावतो. गावात रेल्वे नाही. रोम–अँकोना मार्गावरच्या फोस्सातो दी विको स्थानकावर उतरून पुढचे सुमारे २० किलोमीटर बसने जावे लागते.

पहिला थांबा गावकुसाबाहेरच्या रोमन नाट्यगृहाचा घ्यावा. ते इसवी सनपूर्व पहिल्या शतकातले आहे. तिथल्या दगडी बैठकींवरून वर पाहिले की राखाडी चुनखडीची घरे, त्यांच्यामधून उठलेला कोन्सोली प्रासादाचा मनोरा आणि त्यामागचा हिरवा डोंगर असे सारे गाव एका दृष्टिक्षेपात दिसते. तिथून गावात शिरताना संत फ्रान्सिसचे चर्च लागते. गावाला छळणाऱ्या लांडग्याला फ्रान्सिसने समजावून माणसाळवले, ती प्रसिद्ध कथा याच गावची आहे.

चढ चढून पियाझ्झा ग्रांदे या चौकात आल्यावर मात्र घाई करू नये. उतारावर सपाट जागा नसल्यामुळे हा चौक प्रचंड कमानींवर तोललेला आहे, आणि त्याच्या कडेला १३३२ साली बांधकाम सुरू झालेला कोन्सोली प्रासाद उभा आहे. या प्रासादातील संग्रहालयात गावाचा सर्वांत मोलाचा ठेवा आहे, तो म्हणजे काशाचे सात कोरीव पट. ते १४४४ साली सापडले असे परंपरा सांगते. १४५६ मध्ये गावाने ते त्यांच्या धन्याकडून विकत घेतले आणि मोबदल्यात त्याला कुरणात गुरे चारण्याचा हक्क दिला. लॅटिनच्या आधी इथे बोलल्या जाणाऱ्या उंब्रियन भाषेतला हा सर्वांत मोठा उपलब्ध लेख असून, त्यात गावाच्या शुद्धीचा विधी क्रमवार दिलेला आहे: आधी पक्ष्यांचा शकुन पाहावा, मग तीन वेशींच्या आत-बाहेर बळी द्यावेत, आणि बळीची जनावरे घेऊन जनसमुदायाला तीन प्रदक्षिणा घालाव्यात.

मराठी वाचकाने या पटांपुढे थोडे अधिक थांबावे, असे मला मनापासून वाटते. त्यातील प्रार्थनेत ‘विरो’ आणि ‘पेक्वो’, म्हणजे माणसे आणि गुरे, सुखरूप ठेव असे मागणे येते; संस्कृतातले ‘वीर’ आणि ‘पशु’ हे त्यांचे सगोत्र शब्द आहेत. दुसऱ्या एका ठिकाणी ‘दुपुर्सुस पेतुर्पुर्सुस’ अशी जोडी येते, आणि ती आपल्या द्विपाद-चतुष्पादांपासून फार दूर नाही. हजारो कोसांवरच्या दोन समाजांनी देवापुढे जवळजवळ त्याच शब्दांत आपली माणसे आणि गोठे सांभाळायला सांगितले होते, हे त्या पटांसमोर उभे राहून वाचताना अंगावर शहारा येतो.

आता सणाविषयी. जमेल तर भेट १५ मे या दिवशीच ठरवावी आणि मुक्कामाची सोय कित्येक महिने आधी करून ठेवावी. गावाचे रक्षक संत उबाल्दो हे इथलेच बिशप. त्यांचा मृत्यू १६ मे ११६० रोजी झाला, आणि त्याच्या पूर्वसंध्येला ‘चेरो’ची शर्यत होते. चेरो म्हणजे मुळात मेणबत्ती, पण आज ज्याला चेरो म्हणतात तो चार मीटरहून उंच, सुमारे ३०० किलो वजनाचा अष्टकोनी लाकडी स्तंभ असतो. असे तीन चेरो आहेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एका संताची मूर्ती बसवतात. गवंड्यांचे उबाल्दो, व्यापाऱ्यांचे जॉर्ज आणि शेतकऱ्यांचे अँटनी अशी त्यांची वाटणी आहे. चेरो खांद्यावर घेऊन धावणाऱ्या वाहकांचे सदरे अनुक्रमे पिवळे, निळे आणि काळे असतात. पांढरी विजार, लाल रुमाल आणि लाल कमरपट्टा मात्र सर्वांचा सारखाच.

सकाळी लवकर चौकात जागा धरावी, कारण दुपारी बाराच्या सुमारास आडवे ठेवलेले तिन्ही चेरो एका झटक्यात उभे केले जातात. त्या वेळी ‘कापोदियेची’, म्हणजे दहांचा म्होरक्या, चेरोच्या बुंध्याशी मातीच्या रंगीत सुरईतले पाणी ओततो आणि ती सुरई गर्दीत भिरकावतो. तिचा तुकडा घरी नेणे शुभ मानले जाते. तरीही नवख्या माणसाने त्यासाठी झुंबडीत उडी घेऊ नये, तुकड्यांवर हात कापतात. मग चेरो चौकातल्या ध्वजस्तंभाभोवती तीन फेऱ्या घेतात. या फेऱ्या आणि पटांतल्या तीन प्रदक्षिणा यांचा संबंध अनेकांनी जोडला आहे. कल्पना मोहक आहे, पण मधल्या शतकांचा सलग पुरावा नसताना तिला इतिहास म्हणू नये.

संध्याकाळी सहाला खरी शर्यत सुरू होते आणि गल्ल्यांतून, मग डोंगराच्या वळणांवरून शिखराजवळच्या बासिलिकापर्यंत, म्हणजे संत उबाल्दोंच्या मोठ्या चर्चपर्यंत, चढत जाते. हिला शर्यत म्हणत असले तरी उबाल्दो पुढे, मग जॉर्ज, शेवटी अँटनी हा क्रम कधीच मोडत नाही. कौशल्य आहे ते चेरो न पाडण्यात, धावता धावता खांदेकरी बदलण्यात आणि पुढच्यापासून अंतर न पडू देण्यात. वर पोहोचल्यावर जॉर्जचा चेरो आत येण्यापूर्वी दार लावून घेण्याची उबाल्दोच्या वाहकांची धडपड असते, आणि त्यावरून गावात वर्षभर वाद रंगतो. अरुंद वळणावर उभे राहू नये. वेगात आलेला चेरो तिथेच कलंडण्याची भीती असते.

इतर दिवशी जाणाऱ्यांनी वर जाण्यासाठी रोपवे घ्यावा. त्याच्या उघड्या पिंजऱ्यांत उभ्यानेच प्रवास करायचा असतो. बासिलिकात काचेच्या पेटीत उबाल्दोंचा देह आहे आणि वर्षभर तिन्ही चेरो तिथेच ठेवलेले असतात. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ते समारंभाने खाली आणले जातात. याच महिन्याच्या अखेरच्या रविवारी सानसेपोल्क्रो या टस्कनीतल्या गावाच्या नेमबाजांशी आडव्या धनुष्यांचा सामनाही चौकात होतो.

शर्यत पाहणाऱ्यांपैकी बरेच पाहुणे दार बंद झाले की परतीच्या बसकडे धावतात. तसे करू नये. चेरो वरच राहतात, पण संतांच्या मूर्ती त्याच रात्री मिरवणुकीने खाली गवंड्यांच्या चर्चमध्ये परत आणल्या जातात. तिन्ही रंगांचे वाहक तेव्हा एकत्र गात उतरतात. उताराच्या एखाद्या पायरीवर बसून ही मिरवणूक शेवटपर्यंत जाऊ द्यावी, आणि मगच उठावे.