गाडीच्या सीटना हीटिंग आणि पंखा घरच्या घरी कसा बसवावा

किट मागवण्याआधी सीटच्या कव्हरवरून हात फिरवून बघा. ‘कूल्ड सीट’ म्हणून मिळणारी बहुतेक किट सीट थंड करत नाहीत, पंख्याने कव्हरमधून हवा खेळवतात आणि त्याने पाठीचा घाम सुकतो. बारीक छिद्रांचं लेदर किंवा हवा जाऊ देणारं कापड असेल तरच पंख्याचे पैसे खर्चा. सलग रेक्झिन असेल, तर नुसते हीटिंग पॅड घ्या.

सीटच्या कुशीला ‘एअरबॅग’ अशी पट्टी दिसली, तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, निदान दहा मिनिटं थांबा आणि मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडवा. सीट बाहेर असताना बॅटरी जोडून चावी फिरवू नका. एअरबॅगचा दिवा लागतो आणि पुढे तो बहुधा स्कॅनरनेच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रानेच, घालवावा लागतो. काही गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या सीटमध्ये माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. त्यावर पॅड किंवा पंख्यासाठीची जाळी आली की सेन्सरचा अंदाज चुकू शकतो, म्हणून त्या सीटला हात न लावलेलाच बरा.

सीटचे बोल्ट काढून ती सतरंजीवर उलटी ठेवा. कव्हर खालून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आणि फोमच्या खाचांमध्ये तारेच्या कड्यांनी, म्हणजे हॉग रिंगांनी, आवळलेलं असतं. कड्या कटरने तोडा, कव्हर ओढू नका. परत बसवायला नव्या कड्या आणि त्यांची पक्कड आधीच आणून ठेवा.

आता सगळ्यात जपून करायचं काम. पॅड फोमवर सपाट चिकटवा आणि खाच येते तिथे तो खाचेच्या तळापर्यंत नीट बसवा. घडी पडली की नेमकं तिथेच जास्त तापतं. कार्बन पॅड कापायचा असेल, तर किटवर दाखवलेल्या रेषेवरच कापा. कव्हर चढवण्यापूर्वी पॅड किटच्या स्विचमधून १२ व्होल्टवर पाच मिनिटं चालवा आणि तळहाताने इंच न् इंच चाचपा. एखादा ठिपका चटका देत असेल, तर पॅड काढून पुन्हा लावा.

पंख्यासाठी फोममध्ये आरपार भोक पाडा, वर हवा खेळेल अशी जाड जाळी अंथरा, तिच्या कडा बंद करा आणि त्यावर छिद्रांचा हीटिंग पॅड ठेवा. पंखा खालून असा बसवा की तो स्प्रिंगांना घासणार नाही.

एका सीटचे पॅड साधारण ५० वॉटचे, म्हणजे चार-साडेचार अँपिअर धरा. दोन सीटना २.५ चौरस मिलिमीटरची वायर, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. रिले चावीच्या लाइनवरून, म्हणजे चावी चालू असतानाच करंट येणाऱ्या वायरवरून, चालवा, नाहीतर पॅड रात्रभर चालू राहून बॅटरी उतरेल. सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून बघा. वायर ताणली जाता कामा नये आणि सीट सरकते त्या रेलवरही येता कामा नये.

बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळा. आणि घरात मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेलं कोणी असेल, तर त्यांच्या सीटला हीटिंग नकोच, नुसता पंखा लावा. त्यांना चटका बसलेला कळत नाही.