राणीछाप रुपयाचा ठसा ओळखताना या चुका टाळा

कोकणातल्या जुन्या घरांत देवघरातून वा पेटाऱ्यातून राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे मस्तक असलेला चांदीचा रुपया निघतो. त्याच्यावर १८६२ हे साल असले, की तो त्याच वर्षी पाडला गेला असे धरले जाते आणि पहिली चूक तिथेच होते. ठशांवरचे, म्हणजे नाणे पाडायच्या साच्यांवरचे, हे साल १८७४ पर्यंत तसेच गोठवलेले होते, आणि मधल्या वर्षांची खूण म्हणून मुंबईच्या टांकसाळीने बारीक टिंबांचा उपयोग केला. त्यामुळे अशा रुपयात सालापेक्षा टिंबे किती आणि कुठे आहेत, हेच आधी पाहावे.

ही टिंबे नष्ट करण्याचे काम आपल्याकडे अगदी श्रद्धेने होते. दमट हवेत चांदी लवकर काळवंडते, म्हणून लक्ष्मीपूजनाआधी रुपया आमसुलाने चोळून वर रांगोळीने घासला जातो. रांगोळीच्या खरखरीने टिंबे झिजतात आणि टिंबांचा ठसा बिनटिंबाचा भासू लागतो. काळवंडलेला रुपया तसाच राहू द्यावा.

याच्या उलट, नसलेले टिंब दिसणे ही चूक अधिक महागात पडते. गंजलेल्या ठशाच्या खड्ड्यांत चांदी भरून नाण्यावर पुळ्यांसारखे उंचवटे येतात, तर माळेसाठी कडी डाखलेल्या रुपयावर डाखाचा थेंब काठाशी उरलेला असतो. मुद्दाम घातलेले टिंब गोल व रेखीव असते आणि एकाहून अधिक ठशांवर ठरलेल्या जागीच सापडते; गंजाची पुळी त्या एका ठशाच्या नाण्यांपुरतीच असते. निव्वळ दोन नाण्यांवर सारखी खूण दिसली म्हणून तिला ठशाचा वेगळा प्रकार म्हणू नये, कारण ती दोन्ही एकाच सदोष ठशाखालून निघालेली असू शकतात.

छायाचित्रावरून निर्णय देणेही टाळावे. प्रकाशाची दिशा बदलली, की मुंबईच्या टांकसाळीची खूण असलेला उठावदार ‘बी’ खोलगट दिसतो, आणि या अक्षराबाबत तोच फरक महत्त्वाचा असतो. नाणे हातात धरून भिंगाखाली फिरवावे.

१८४० च्या रुपयात राणीचे नाव मस्तकावरून सलग गेले आहे की दोन बाजूंना विभागले आहे, हे आधी ठरवावे; मागच्या बाजूच्या पानांच्या हारातली फळे मोजणे त्यानंतर, आणि तेही झीज नसलेल्या नाण्यावरच.

या सगळ्याआधी वजन घ्यावे: पूर्ण रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. झिजलेला थोडा हलका भरेल. मात्र नक्षी ठसठशीत असूनही वजन कमी भरले, किंवा काठावर ओतीव कामाचा जोड दिसला, तर नाणे बनावट असण्याचा संभव असतो; टिंबे मोजत बसू नये.