उचललेल्या गाडीचं सस्पेन्शन निवडताना: आधी वजनकाटा, मग दुकान

मी गाडी घेतली तेव्हा ती आधीच उचललेली, म्हणजे मूळ उंचीपेक्षा वर घेतलेली (लिफ्ट केलेली) होती. “दोन इंच वर घेतलीय,” एवढंच आधीच्या मालकाने सांगितलं, आणि मीही खुशीत मान डोलावली. महिन्याभराने खाली शिरून पाहिलं तर पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावर ॲल्युमिनियमची चकती, मागे कॉइलखाली (गोल स्प्रिंगखाली) रबरी ठोकळा, आणि शॉकअप चारही मूळचेच. उभी असताना गाडी रुबाबदार दिसायची. चाक खड्ड्यात लोंबलं की मात्र पुढून ‘ठक्क’ असा आवाज यायचा, कारण वरचा कंट्रोल आर्म (चाक चॅसीला जोडणारा हात) कॉइलवर आपटत होता.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी गाडी नेमकी कशाने उचलली आहे ते बघा. चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे असतील तर ती बॉडी लिफ्ट. तिथे सस्पेन्शन मूळ जागीच असतं, लांब शॉकअप लावायचं कारण नाही. टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) पिळून उंची काढली असेल तर स्प्रिंग काही कडक झालेली नसते. चाकाला खाली जायला जी जागा होती ती तुम्ही उंचीसाठी खर्च केलेली असते. उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवासुद्धा त्या आकड्यात मिसळते. आणि एक्सल सलग असेल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर असतील, तर कितीही लिफ्ट करा, डिफच्या (एक्सलमधल्या गिअरच्या) गोळ्याखालची जागा फक्त मोठ्या टायरनेच वाढते.

आता वजन. इथे मी सपशेल चुकलो, म्हणून इथे जरा थांबतो. पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) लावायचं ठरवलं होतं, त्या हिशेबाने जड वजनाच्या स्प्रिंगा आधीच बसवून टाकल्या. विंच आली दीड वर्षाने. तोवर गाडीचं नाक वर, पुढची चाकं खाली जायला जागाच नाही आणि प्रत्येक गतिरोधकाला मागच्या सीटवरून आईचं “अरे, हळू!” वेग तेव्हा ताशी 15 असायचा.

स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिची उसळी आवरतो. ही दोन कामं एकमेकांवर ढकलता येत नाहीत. जास्त कडक स्प्रिंगमुळे होणारी उडी चांगला शॉकअप थोडीफार लपवेल, बरी नाही करणार. म्हणून गाडी नेहमीच्या प्रवासाला भरता तशी भरा, माणसं बसवा आणि वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला. सामानाचं वजन आपण नेहमी कमी धरतो. 20 लिटर पाणी म्हणजे 20 किलो, तेवढंच डिझेल साधारण 17 किलो, शिवाय कॅनचं वजन वेगळं. छतावरचा तंबू, दुसरी बॅटरी, खणांची लाकडी पेटी हे सगळं कायमचं ओझं आहे, आणि स्प्रिंग निवडायची ती या कायमच्या ओझ्यासाठी. वर्षातून दोनदा भरणाऱ्या सामानासाठी कॉइलच्या आत बसणारे हवेचे फुगे पुरतात. हवा भरा, परतल्यावर कमी करा. कॉइलऐवजी पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी असेल तर एक जादा पाटा घालून मोकळं व्हायचा मोह होतो. रिकामी गाडी मग बैलगाडीसारखी चालते.

स्प्रिंग ठरली की शॉकअप. जाहिरातीतली ‘दोन इंच लिफ्टसाठी’ ही ओळ वाचून घेऊ नका, मोजून घ्या. एका बाजूचं चाक रॅम्पवर चढवा, बंपस्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबरी अडसर) पुरता दाबला जाईपर्यंत. त्या वेळी शॉकअपच्या दोन टोकांमधलं अंतर घ्या. नव्या शॉकअपची मिटलेली लांबी त्याहून थोडी कमी हवी, नाहीतर धक्का बंपस्टॉपऐवजी शॉकअपच्या पोटात बसेल. मग चॅसी जॅकने उचलून चाक पूर्ण लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. हे करताना ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि डिफच्या ब्रीदरची (हवा ये-जा करायची) नळी ताणली जातेय का, तेही बघून घ्या. माझा ब्रेक होज तारेसारखा ताठ झाला होता.

रोजच्या वापरात शॉकअप किती मिटतो ते बघायला शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधा. खडबडीत वाटेवरून फिरून या. शॉकअप जितका मिटला तितका टाय सरकलेला दिसेल. (दांड्यावर रबरी आवरण असेल तर हे दिसणार नाही.) रोज टाय शेवटाला जात असेल तर स्प्रिंग मऊ आहे, नाहीतर शॉकअप थकलाय.

शॉकअप ट्विन ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) की मोनोट्यूब (एकाच नळीचा), यावर लोक तासन्‌तास भांडतात. तासन्‌तास कोरुगेशनवरून (पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावरून) वेगात जाणार असाल तर तेल तापून शॉकअप ढिला पडतो. मोनोट्यूब उष्णता लवकर टाकतो, तेलाची वेगळी टाकी असलेल्यात तेलही जास्त असतं. पण मोनोट्यूबच्या नळीला दगडाचा पोचा पडला की पिस्टन अडकतो, कारण पिस्टन त्याच नळीत फिरतो. मी सावकाश दगडातून जाणारा माणूस, मी ट्विन ट्यूब घेतले. ॲडजस्टेबल घेतले, तीन दिवस बटणं फिरवली, नंतर हातही लावला नाही.

उंचीबरोबर कोन बिघडतात. स्वतंत्र सस्पेन्शनला (प्रत्येक चाक वेगळं हलतं त्याला) साधारण दोन इंचांपुढे सीव्ही जॉईंट (चाकाला इंजिनची ताकद देणारा सांधा) आणि बॉल जॉईंट तिरके होतात, वरचे आर्म बदलावे लागतात. सलग एक्सलला कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा, चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग भरकटतं आणि पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा हलू न देणारा दांडा) एक्सलला एका बाजूला सरकवतो. कॅस्टर दुरुस्त करणारे बुश आणि लांबी कमीजास्त होणारा पॅनहार्ड रॉड याच खर्चात धरा. ब्रेकचीही एक गोम आहे. काही गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेला, वजन ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. त्याचा ब्रॅकेट जुळवून घ्या.

बसवताना रबरी बुशचे नटबोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत लोंबताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक घाईत असतो, म्हणून मी जवळ उभा राहून बघतो. हजारेक किलोमीटरनंतर स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा उंची पुन्हा मोजा, नट तपासा, अलाइनमेंट करा.

आणि हेडलाइट खाली करून घ्या. मी विसरलो होतो. समोरून येणाऱ्यांनी दोन रात्री डिपर मारून मारून आठवण करून दिली.