पोलीस आहात? तब्येतीची ही कामं बंदोबस्ताआधीच उरकून घ्या

माझे मिस्टर हवालदार आहेत, त्यामुळे सांगतेय ते घरात बघितलेलं आहे. पहिलं काम, एका साप्ताहिक सुट्टीला आपल्या घटकाच्या, म्हणजे ज्या जिल्हा पोलीस दलात किंवा आयुक्तालयात नोकरी आहे तिथल्या कल्याण (वेल्फेअर) शाखेत जाऊन यायचं आणि महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत कोणकोणते आजार बसतात, आपल्या गावाजवळ यादीतलं हॉस्पिटल कुठलं, घरातल्या कोणाकोणाची नावं लागलीत हे सगळं विचारून लिहून आणायचं. त्या कागदाचा फोटो बायकोच्या मोबाईलमध्ये पण हवा, कारण छातीत कळ येते तेव्हा धावपळ तीच करते आणि तिला काहीच माहिती नसतं.

चाळिशी झाली की तपासणी चुकवू नका. साहेब सोडत नाहीत हे मान्य, पण बीपी मोजायला पाच मिनिटं लागतात हो. गोळी चालू असेल तर गणपतीच्या बंदोबस्ताला दोन दिवसांच्या गोळ्या वरच्या खिशातच ठेवा, बॅगेत नको, बॅग गाडीत राहते आणि गाडी कुठल्या कुठे जाते. महिला पोलिसांनो, बाथरूम नाही म्हणून पाणी पिणं बंद करू नका, लघवीला जळजळ तिथूनच सुरू होते. पॉइंटवर गेल्या गेल्या जवळच्या एखाद्या घरात नाहीतर दुकानात बिनधास्त विचारून ठेवा, लोक नाही म्हणत नाहीत.

आता मनाचं. नाईटवरून येऊन पण झोप नाही, पोरांवर उगाच ओरडणं, रोजची दारू, असं पंधरा दिवस चाललं तर थांबू नका. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर 24 तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, ऑफिसच्या कुणाला मधे घ्यावं लागत नाही. डॉक्टरकडे गेलात तरी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला आहे. सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी असल्याचं ऑफिसला कळवलं, की लोक कामचुकार म्हणतील, म्हणू देत.

आणि वहिनींनो, नवरा "आता जगून काय करू" असं एकदा जरी बोलला तर चेष्टा समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच्याकडे पिस्तूल असेल तर त्याच दिवशी त्याच्या विश्वासातल्या अधिकाऱ्याला फोन करून ते जमा करून घ्यायला सांगा. तो रागावेल, चार दिवस बोलणार नाही. तरी करा.